बाळाजी विश्वनाथ पेशवे आणि टळलेले युद्ध

प्रस्तुत पाठात आपण बाळाजी विश्वनाथ भट यांच्या चरित्राचा परिचय करून घेणार आहोत. त्यांना पहिले पेशवे म्हणण्याची सवय आपल्याकडे शालेय पुस्तकांपासून रुळलेली आहे. वस्तुतः पेशवेपद त्यांच्या आधीपासून होते. शिवछत्रपतींच्या काळी मोरोपंत पिंगळे पेशवे होते आणि बाळाजींच्या लगेच आधी मोरोपंतांचे पुत्र बहिरोपंत त्या पदावर होते. भट घराण्यातील पहिले पेशवे, एवढेच बाळाजींविषयी म्हणणे योग्य ठरेल. पालखेड किंवा वसई यांसारखे एखाद्या विजयाचे गाव त्यांच्या नावाशी जोडलेले नाही. घोड्यावर बसून फौज चालवणारा सेनानी अशी त्यांची कीर्ती कधीच नव्हती. तथापि १७१३ च्या अखेरीस मराठ्यांच्या दोन सामर्थ्यांमध्ये पेटू पाहणारे एक युद्ध त्यांनी मिटवले. ते पेटले असते तर साताऱ्याची गादी टिकली असती की नाही, याची शंकाच आहे. या पाठाचा भर त्या प्रसंगावर आहे. बाकीचे आयुष्य त्या प्रसंगाकडे जाणारी आणि तेथून पुढे निघणारी वाट म्हणून वाचावे.

श्रीवर्धन ते घाटमाथा

भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. दंडाराजपुरी आणि श्रीवर्धन येथील देशमुखी या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली होती. हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालचा. बाळाजींचा जन्म १६६० च्या सुमारास झाला. सिद्दी आणि मराठे यांच्या सततच्या झगड्यात किनाऱ्यावरच्या वतनदारांची स्थिती जात्यातल्या दाण्यासारखी होती. भट मंडळींवर सिद्दीचा रोष झाला आणि बाळाजींना घरदार सोडून घाटावर यावे लागले. वेळासच्या भानू घराण्याशी त्यांचा याच काळात ऋणानुबंध जुळला. पुढे पेशव्यांची फडणिशी याच घराण्याकडे आली आणि नाना फडणवीस त्याच घराण्यात जन्मले.

घाटावर आल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बाळाजींनी रामचंद्रपंत अमात्य आणि धनाजी जाधव यांच्या हाताखाली मुलकी कामे केली. १६९९ ते १७०२ या काळात ते पुणे प्रांताचे सरसुभेदार होते आणि १७०४ ते १७०७ मध्ये दौलताबाद प्रांताचे. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलेला असताना ही कामे करायची म्हणजे काय, याची कल्पना करावी. गाव एकच, पण त्याचा वसूल मागायला आज मोगलांचा अंमलदार येई आणि उद्या मराठ्यांचा. रयत परागंदा झालेली. अशा स्थितीत वसूल करणाऱ्या माणसाला तलवारीपेक्षा बोलणे अधिक उपयोगी पडते. कोणाला किती सूट द्यावी, कोणाचे थकले आहे, कोणता देशमुख कोणाचा सोयरा, कोणता सरदार कोणावर रुष्ट आहे, हे सारे ज्ञान सरसुभेदाराजवळ आपोआप गोळा होते. बाळाजींच्या पुढील राजनीतीचे मूळ मला या कारकुनी वर्षांत दिसते. चरित्रकार सहसा या वर्षांवरून भरभर पुढे जातात. तसे करू नये.

डुबेरे येथील बर्वे घराण्यातील राधाबाई या त्यांच्या पत्नी. बाजीराव आणि चिमाजी हे पुत्र, भिऊबाई आणि अनुबाई या कन्या. राधाबाई पुढे तीन दशकांहून अधिक काळ पेशव्यांच्या घरातील वडीलधारी व्यक्ती म्हणून सर्वत्र आदर पावल्या.

एकाच राज्याचे दोन छत्रपती

१७०७ च्या मार्च महिन्यात अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू हे १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. औरंगजेबाचा पुत्र आजमशहा याने उत्तरेकडे जाताना त्यांना सोडले. ही सुटका औदार्याची नव्हती. मातोश्री येसूबाई आणि इतर नातलग यांना ओलीस म्हणून मागे ठेवण्यात आले. शिवाय दक्षिणेत छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई आपल्या पुत्राच्या नावाने राज्य चालवत होत्या. शाहू परत गेले की मराठ्यांच्या राज्याला दोन धनी होतील आणि ते आपापसात लढत बसतील, हा मोगलांचा हिशेब होता. हिशेब चुकला असे म्हणता येत नाही.

ताराबाईंनी शाहू महाराजांना तोतया ठरवले. त्यांच्या बाजूने धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी फौज घेऊन निघाले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. लढाई झाली, परंतु व्हायची होती तशी झाली नाही. धनाजी जाधव आपल्या फौजेसह बाजूला राहिले आणि मग शाहू महाराजांना मिळाले. परशुरामपंतांना माघार घेऊन साताऱ्याचा रस्ता धरावा लागला. धनाजींचे मन वळवण्यात बाळाजींचा वाटा होता. आलेला पुरुष खरोखरच संभाजीपुत्र आहे याची खात्री करून घेण्याची मध्यस्थी त्यांनी केली, असे बखरी सांगतात. धनाजींनी ताराबाईंपुढे शपथ घेतलेली होती. शपथ मोडायची तर मनाला आधार लागतो. समोरचा राजा खरा असेल तर तोतयाविरुद्ध घेतलेली शपथ लागू पडत नाही, हा तो आधार. तो धनाजींच्या हाती कोणीतरी द्यायला हवा होता.

१२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. मात्र त्याच वर्षी धनाजी वारले आणि त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापती झाले. चंद्रसेन आणि बाळाजी यांचे जमले नाही. शिकारीतील एका हरणावरून वाद पेटला अशी कथा सांगतात. वैर अर्थात त्याहून जुने आणि वसुलाच्या अधिकाराविषयीचे होते. १७११ मध्ये बाळाजींना जीव वाचवण्यासाठी वाईजवळच्या पांडवगडाचा आश्रय घ्यावा लागला. शाहू महाराजांनी बाळाजींची पाठराखण केली, तेव्हा चंद्रसेन प्रथम ताराबाईंकडे आणि पुढे निजामाकडे गेले. सेनापतीच शत्रूकडे गेल्यावर सैन्य उभे करण्याचे काम बाळाजींवर आले आणि सेनाकर्ते हा किताब त्यांना मिळाला. किताबाचा अर्थ शब्दशः घ्यावा: सैन्य नव्हते, ते करायचे होते.

आंग्रे घाट चढून आले

आता आपण पाठाच्या मुख्य विषयाकडे येतो. १७१३ मध्ये शाहू महाराजांपुढे उभे राहिलेले सर्वांत मोठे संकट मोगलांचे नव्हते. ते कान्होजी आंग्र्यांचे होते. कान्होजींकडे राजाराम महाराजांच्या काळापासून मराठ्यांच्या आरमाराची सूत्रे होती आणि सरखेल हे पद होते. अलिबागजवळचा कुलाबा हे त्यांचे ठाणे. मुंबईच्या दक्षिणेपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांची गलबते फिरत. त्यांच्या परवान्यावाचून व्यापारी जहाजांना त्या पाण्यातून निर्धास्तपणे जाता येत नसे. ते ताराबाईंच्या बाजूचे होते. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या इंग्रजांशी त्यांचा समझोता झाला होता, त्यामुळे समुद्राची बाजू तूर्त निवांत होती.

कान्होजींनी घाटावर हात घातला. लोहगड आणि राजमाची त्यांच्या ताब्यात आले. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर पेशवेच कैद झाले. राज्याचा मुख्य प्रधान एका सरदाराच्या कैदेत पडल्याची नामुष्की किती मोठी होती, हे वेगळे सांगायला नको. त्याहून गंभीर गोष्ट भूगोलाची होती. आपल्यापैकी जे विद्यार्थी खारघर-पनवेल परिसरात राहतात, त्यांना हा भूगोल पुस्तकावाचून कळेल. पनवेलहून खोपोलीकडे गेले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि बोरघाटाने ती चढून गेल्यावर लोणावळे लागते. राजमाची या घाटाच्या उत्तरेस, खालच्या कोकणावर आणि वरच्या मावळावर एकाच वेळी नजर ठेवणारी. लोहगड त्याच्या पुढे, पुण्याच्या वाटेवर. हे दोन्ही किल्ले ज्याच्या हाती, त्याला कोकणातून पुण्याकडे येण्यास अडवणारे कोणी उरत नाही. पुण्याच्या पुढे सातारा. कान्होजी थेट साताऱ्यावर चालून येणार, अशी धास्ती त्या दिवसांत होती.

शाहू महाराजांजवळ काय होते? सेनापती सोडून गेलेला. खजिना रिकामा. पाटस भागात दमाजी थोरात, खटावला कृष्णराव खटावकर, असे स्वतःला कोणाचेच न मानणारे पुंड माजलेले. कोल्हापूरकडे ताराबाई. अशा वेळी कान्होजींवर दुसरी फौज पाठवून ती हरली असती, तर तिसरी फौज नव्हती. ती जिंकली असती, तरी काय जिंकले असते? आंग्र्यांचे आरमार मोडले असते, आणि तेच एकटे आरमार सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज या तिघांना अडवून धरत होते. जिंकण्यातही नुकसान असणारे युद्ध ते हेच.

या कामगिरीसाठी बाळाजींचे नाव पुढे आले. बाळाजींनी अधिकारावाचून जाणे नाकारले आणि पेशवेपदाची मागणी केली, असे सांगितले जाते. पिंगळे घराण्याची तीन पिढ्यांची सेवा डावलून हे पद दुसऱ्याला देणे शाहू महाराजांना जड गेले असणार. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे बाळाजींना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. काही अभ्यासक या मागणीत महत्त्वाकांक्षा पाहतात. ती असेलही, परंतु मला येथे वाटाघाटीचा एक नियम दिसतो. ज्याच्याशी बोलायचे, त्याला असा विश्वास हवा की समोरचा माणूस जे कबूल करतो ते त्याचा धनी पाळील. सेनाकर्ते हा एक कर्तबगार अंमलदार होता. त्याच्या शब्दावर कान्होजींसारखा माणूस किल्ले सोडणार नव्हता. मुख्य प्रधानाचा शब्द हा राज्याचा शब्द होतो. वकील या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थच मुळी ज्याच्यावर काम सोपवले आहे तो, असा आहे. काही सोपवलेलेच नसेल तर वकिली कसली?

बाळाजी फौज घेऊन निघाले, हेही ध्यानात ठेवावे. हात जोडून गेलेला वकील आणि मागे फौज उभी करून गेलेला वकील यांत अंतर असते. पण फौज चालवण्याआधी त्यांनी कान्होजींशी पत्रव्यवहार सुरू केला. दोघांची जुनी ओळख होती. दोघेही कोकणचे. सिद्दीने भट घराण्याचे वतन उद्ध्वस्त केले होते आणि सिद्दी हाच आंग्र्यांचा हाडवैरी होता. ब्रह्मेंद्रस्वामींविषयी दोघांनाही आदर होता. लोणावळ्याच्या परिसरात दोघांची भेट झाली, तेथून मंडळी कुलाब्यास गेली, आणि १७१४ च्या आरंभी तह ठरला.

तहाची कलमे पाहू. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांना छत्रपती मानावे. कैदेतील बहिरोपंतांना मुक्त करावे. घाटावरचा घेतलेला मुलूख आणि लोहगडासह किल्ले परत करावेत. राजमाची मात्र आंग्र्यांकडेच राहील. त्यांच्या बदल्यात कान्होजींना सरखेलीवर कायम करण्यात आले आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड यांसह १० किल्ले आणि १६ लहान ठाणी त्यांच्याकडे देण्यात आली.

भाषेच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. हे किल्ले बहुतांशी कान्होजींच्या ताब्यात आधीपासूनच होते. तहाने त्यांच्या पदरात एकही नवा बुरूज पडला असे फारसे म्हणता येत नाही. मग दिले काय? दिले ते देण्याचे क्रियापद. काल कान्होजी आपल्या बळावर किल्ले बाळगून होते. आज तेच किल्ले छत्रपतींनी दिलेले म्हणून बाळगू लागले. वाक्याचा कर्ता बदलला. एका बाजूला साताऱ्याच्या गादीला देण्याचा, म्हणून मागण्याचाही, अधिकार प्राप्त झाला. दुसऱ्या बाजूला कान्होजींच्या ताब्याला सनदेचा आधार आला. बंडखोराचा मुलूख कोणीही हिसकावून घ्यावा. सरखेलाच्या मुलखावर हात टाकणे म्हणजे छत्रपतींशी वैर. दोघांनाही जे पाहिजे होते ते मिळाले आणि त्यासाठी दोघांपैकी कोणालाही आपला खरा जीव की प्राण सोडावा लागला नाही. आरमारी माणसाला लोहगडाचे काय? आणि घाटावरच्या राजाला विजयदुर्ग सांभाळण्यासाठी गलबते कोठून आणायची होती?

राजमाचीचे कलम मला विशेष सूचक वाटते. लोहगड परत केल्यावर केवळ राजमाचीच्या बळावर पुण्यावर चालून येणे आंग्र्यांना सोपे नव्हते. परंतु घाटावर चढून आलेला माणूस अगदी रिकाम्या हाताने उतरला, असेही झाले नाही. समोरच्याला आपल्या माणसांत ताठ मानेने परतता आले पाहिजे, ही समज बाळाजींना होती. (राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी एकाचे नाव श्रीवर्धन आहे. त्याचा बाळाजींच्या गावाशी संबंध जोडण्याचा मोह आवरावा; नावे सारखी म्हणून गोष्टी एक होत नाहीत.)

या तहाची किंमतही पडली, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्यात एक असा सरदार कायमचा मान्य झाला, ज्याचे आरमार, किल्ले आणि वसूल त्याचेच होते. हाच नमुना पुढे जमिनीवरच्या मोठ्या सरदारांनाही मिळाला. कान्होजींनंतर त्यांच्या पुत्रांत भाऊबंदकी माजली. १७५६ मध्ये बाळाजींच्या नातवाने, नानासाहेब पेशव्यांनी, इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचे आरमार जळाले. हा आजोबांच्या तहाचा दोष मानायचा की नातवाच्या अधीरतेचा? माझा कौल नातवाच्या विरुद्ध जातो. तह करणारा माणूस पुढच्या ४० वर्षांची हमी देऊ शकत नाही. पण जे आजोबांनी लोणावळ्यात बसून मिटवले, तेच नातवाने परक्या तोफांनी मिटवले, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

बेलभंडार

प्रत्येक बोलणी यशस्वी होतात असे नाही, आणि बाळाजींच्या चरित्रात याचे ठसठशीत उदाहरण आहे. पाटस भागातील हिंगणगावच्या दमाजी थोराताशी त्यांनी बोलणे लावले. दमाजीने बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि बाळाजी त्याच्या भेटीस गेले. तेथे त्यांना कुटुंबीयांसह व सहकाऱ्यांसह कैद करण्यात आले. शपथेची आठवण दिली तेव्हा, बेल हे झाडाचे पान आणि भंडार ही रोज खाण्यात येणारी हळद, त्यात शपथ कसली, असा दमाजीने खुलासा केल्याची कथा बखरीत आली आहे. शेवटी शाहू महाराजांना पैसे भरून त्यांची सुटका करावी लागली. हिंगणगावची गढी पुढे पाडण्यात आली.

कान्होजी आणि दमाजी यांत फरक काय? कान्होजींना शब्द पाळण्यात लाभ होता. त्यांना छत्रपतींची सनद, घाटावरची पाठराखण आणि सिद्दीविरुद्ध मदत हवी होती. दमाजीला उद्याची पर्वा नव्हती. त्याला खंडणी हवी होती, आणि ती शब्द मोडूनच मिळणार होती.

दिल्लीचे पायदळी तुडवलेले बादशहापण आणि तीन सनदा

१७१४ नंतर शाहू महाराजांची बाजू सावरली. त्याच वर्षी कोल्हापुरात ताराबाईंचा अंमल संपून संभाजी गादीवर आले. बाळाजींच्या आयुष्याचा शेवटचा मोठा अध्याय मात्र दिल्लीचा आहे.

सय्यद बंधूंपैकी हुसेन अली हा दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला. मराठ्यांशी लढून काही निष्पन्न होईना, खंडेराव दाभाड्यांनी त्याच्या सैन्याला जेरीस आणले, आणि दिल्लीत बादशहा फर्रुखसियर तर सय्यदांच्याच मुळावर उठलेला. दोन आघाड्यांवर लढण्यापेक्षा एक मिटवावी, हे हुसेन अलीने ओळखले. शंकराजी मल्हार हे या बोलण्यांतील मध्यस्थ होते. ते पूर्वी राजाराम महाराजांच्या सेवेत होते, पुढे उत्तरेत गेले आणि आता सय्यदाचे विश्वासू म्हणून परत आले होते. दोन्ही दरबारांची भाषा जाणणारा असा माणूस मिळणे हे बोलण्यांच्या यशाचे अर्धे कारण असते.

१७१८ मध्ये करार ठरला. शाहू महाराजांचे स्वराज्य मान्य करावे. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची, म्हणजे औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि हैदराबाद यांची, चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांना द्यावी. येसूबाई आणि इतर ओलिसांना सोडावे. मराठ्यांनी बादशहास दरसाल १० लाख रुपये पेशकश द्यावी, १५ हजार फौजेने सुभेदाराची चाकरी करावी आणि मुलखात चोरी-दरवड्यांचा बंदोबस्त ठेवावा. येथे स्वराज्य हा शब्द तांत्रिक अर्थाने आला आहे: शिवछत्रपतींच्या निधनसमयी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख, एवढाच त्याचा अर्थ. विसाव्या शतकात याच शब्दाला आलेला राजकीय अर्थ या कागदांत वाचू नये. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही गल्लत वारंवार आढळते.

फर्रुखसियरने हा करार नाकारला. तेव्हा हुसेन अली मराठी फौजेसह दिल्लीकडे निघाला आणि त्या फौजेबरोबर बाळाजीही. खंडेराव दाभाडे, संताजी भोसले यांच्यासारखे सरदार आणि तरुण बाजीरावही या स्वारीत होते. १७१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत सत्तांतर झाले. फर्रुखसियरला पदच्युत करण्यात आले आणि रफीउद्दरजात नावाच्या आजारी तरुणाला तख्तावर बसवले गेले. त्या गोंधळात शहरात दंगल उसळून मराठ्यांची शेकडो माणसे मारली गेली, त्यांत संताजी भोसलेही पडले. सूड म्हणून दिल्ली लुटावी असे फौजेतल्या अनेकांना वाटले असेल, तर ते स्वाभाविकच. बाळाजींनी फौज आवरली आणि कागद हाती येईपर्यंत वाट पाहिली. मार्चमध्ये नव्या बादशहाच्या नावाने स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्या.

येसूबाईही परत निघाल्या. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा कैदेत गेलेल्या या राणीने ३० वर्षे शत्रूच्या छावणीत काढली होती. १७१९ च्या जुलैमध्ये त्या साताऱ्यास पोहोचल्या. आईला ओलीस ठेवून मुलाला जखडण्याचा जो डाव १७०७ मध्ये मांडला गेला होता, तो तेव्हा संपला. सनदांच्या रकमांपेक्षा शाहू महाराजांच्या लेखी याचे मोल अधिक असावे.

रकमा मात्र कागदावर प्रचंड होत्या. सहा सुभ्यांचा एकूण वसूल सुमारे १८ कोटी रुपये धरलेला होता. त्याचा चौथा हिस्सा चौथाई आणि दहावा सरदेशमुखी. युद्धाने ओसाड पडलेल्या मुलखातून एवढा वसूल प्रत्यक्षात येणे शक्य नव्हते, हे जुन्या सरसुभेदाराला पुरते ठाऊक होते. तरीही मागण्याचा हक्क कागदावर असणे महत्त्वाचे होते. चौथाईची वाटणी बाळाजींनी लावून दिली: १०० रुपयांतील २५ राजबाबती म्हणून छत्रपतींचे, ६ सहोत्र्याचे सचिवांचे, ३ नाडगौंडीचे, आणि उरलेले ६६ मोकाशाचे, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. सरदारांना आपापसात लढण्यापेक्षा बाहेर वसूल करण्यात अधिक लाभ व्हावा, अशी ही रचना. दोन तृतीयांश हिस्सा सरदारांच्या हाती राहिल्याने मध्यवर्ती सत्ता दुबळी झाली, हा तिच्यावरील आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पण १७१९ मध्ये साताऱ्याजवळ सरदारांना पगार देण्याइतका पैसा नव्हता, हेही तितकेच खरे.

अखेर

दिल्लीच्या प्रवासाने बाळाजी थकले होते. परतल्यावर ते सासवडास राहिले आणि २ एप्रिल १७२० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पेशवेपद त्यांच्याकडे जेमतेम साडेसहा वर्षे होते. दरबारात विरोध असतानाही शाहू महाराजांनी त्याच महिन्यात एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली.

पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजींच्या कुलाब्यावर चढाई केली. १७१४ च्या तहाप्रमाणे कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. आठ वर्षांपूर्वी जी फौज आंग्र्यांवर चालून जाणार होती, तिच्यातलेच स्वार पिलाजी जाधवांबरोबर घाट उतरून अलिबागला आले आणि आंग्र्यांच्या बाजूने उभे राहिले. बाजीरावही तेथे पोहोचले. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी पेशव्यांशी वेगळा तह केला, आणि एकटे पडलेले इंग्रज आपली जहाजे घेऊन मुंबईस परतले.